नाथसागरातली नवी बोट खडकावर चढली: दुरुस्तीच्या नोंदी

२९ एप्रिल

काल सांच्याला आमच्या मच्छीमार संस्थेची नवी बोट खडकावर चढली. माणसं सगळी नीट आहेत, कुणाला खरचटलं पण नाही, हे आधी लिहून ठेवतो कारण सकाळपासून फोनवर फोन यायलेत. बोट पाण्यात उतरून महिना पण झाला नव्हता. बावीस फूट लांब, सहा फूट रुंद, एफआरपीची (काचेचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली, आपण फायबर म्हणतो ती), मागं पंधरा हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन. काम तिचं म्हणजे लांबच्या जाळ्यांवरून मासळीचे क्रेट काठाला आणायचे, जाताना बर्फ न्यायचा आणि वारं सुटलं की अडकलेल्या चप्पूवाल्यांना ओढून आणायचं. लोकांनी वर्गणी खरं तर ह्या शेवटच्या कामासाठी काढली. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटर रुंद पाणी, मे-जूनचं वारं सुटलं की मधोमध थर्माकोलच्या चप्पूवर बसलेला माणूस नुसता देवाच्या भरवशावर असतो.

मी वाळूजला एफआरपीच्या टाक्या बनवायच्या शॉपमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून दुरुस्ती माझ्याकडं आली. नोंदी ह्यासाठी ठेवायलोय की माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, सगळ्याच धरणांवर आता फायबरच्या बोटी यायल्यात, कुणाच्या तरी कामाला येतील.

बोट चालवायला माझा भाचा होता. गावात लगेच सुरू झालं, पोराच्या हातात कशाला दिली, पोरगं जोरात चालवत असंल. मी त्याला वाट विचारली, तर तो ज्या वाटेनं आला तीच वाट त्याचा आजा सारा जन्म चप्पूनं येत होता. फरक एवढाच की चप्पू अर्धा फूट पाण्यात तरंगतो आणि ही बोट भरल्यावर सव्वा फूट बसते, वर इंजिनाचा पाय पार अडीच फुटापर्यंत खाली जातो. काल धरणाची पातळी (समुद्रसपाटीपासून धरतात ती) १५०५.२ फूट होती. हा आकडा मुद्दाम लिहितोय, पुढं लागणार आहे.

बोट अडकली की हात पहिला रिव्हर्सला जातो आणि तेच करायचं नसतं. खडकाचं टोक फायबरच्या आत घुसलेलं असतं, इंजिनानं मागं ओढलं की चिरीचं भगदाड होतं. जवळच्या चप्पूवरून आबांनी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. मग क्रेट चप्पूवर उतरवले, माणसं मागच्या अंगाला गेली, पुढचं वजन हलकं झालं, बांबूनं रेटून बोट सुटली. पाणी यायलं होतं, पण चिरीत पोतं कोंबून उपसत उपसत काठाला आणली. आबांचं वय सत्तरीच्या पुढं, फायबरच्या बोटीत ते आजपर्यंत बसले पण नाहीत, पण त्या टायमाला काय करायचं हे त्यांनाच सुचलं.

३० एप्रिल

ट्रॅक्टरनं बोट वर ओढली. खाली जुने टायर आणि वाळूची पोती. उलटी करून बघितली तेव्हा जीव गलबलला. उजव्या अंगाला, मधल्याच्या जरा पुढं, दीड वीत लांब आरपार चीर. तिच्या मागं तळाच्या कण्यावर पार हातभर खरवड, जेलकोट (वरचा रंगीत गुळगुळीत थर) गेलेला, काच उघडी. इंजिनाच्या खालचा पंख मोडलाय, पंख्याचं एक पातं वाकलंय. आतून बघितलं तर तळाला आधार देणारी उभी पट्टी एका जागी सुटलीय.

विम्याचे कागद अजून हातात आलेले नाहीत. तो विषय संस्थेचे सचिव बघतील, मी त्यात पडत नाही.

१ मे

दुकानं बंद. बोट उन्हात वाळायलीय.

३ मे

फायबर वाळलं का नाही हे हात लावून कळत नाही. जाड पॉलिथिनचा तुकडा कापून चारी बाजूंनी टेप लावून तळाला चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं की अजून ओल आहे. पहिल्या रात्री धरलं, आज नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हाचा हा एक फायदा, कोकणात हेच वाळायला किती तरी दिवस जातील.

मग नाणं घेऊन सगळा तळ ठोकून काढला. चांगल्या जागी टणटण आवाज येतो, जिथं आतले थर सुटलेत तिथं बद्द. बद्द आवाजाच्या कडंनं खडूनं रेघ मारत गेलो. बघणाऱ्याला दीड वितेची चीर दिसते पण खडूची रेघ पार परातीएवढी झाली. वरून पुट्टी भरून रंग मारून देणारे लोक असतात, स्वस्तात होतं, आणि पहिल्याच दणक्याला तो पॅच पापडासारखा निघून येतो. आपल्याला तसलं करायचं नाही, ह्या बोटीवर माणसं बसणार आहेत.

५ मे

चिरीच्या कडंचा तुटका तुकडा कापून घेतला. जाडी मोजली तर साडेपाच मिलिमीटर. बोट घेताना कागदावर तळ आठ मिलिमीटर लिहिलंय. मग तुकडा जाळून बघितला. हे कुणीबी करू शकतं, गॅसच्या ज्योतीवर मोकळ्या जागेत धरायचं, रेझिन जळून जातं आणि काच तशीच राहते, थंड झाल्यावर पानं उलटावी तसे थर वेगळे करून मोजता येतात. कागदावर विणलेल्या रोव्हिंगचे दोन थर, हातात निघाला एक, बाकी नुसती मॅट. मॅटमध्ये काचेचे तुकडे कसेबी पडलेले असतात, ती पाणी अडवती आणि जाडी देती, पण दणक्याला उभं राहायची ताकद विणलेल्या कापडातच असती. एका जागी काच कोरडी पण सापडली, रेझिन पोचलंच नव्हतं.

खडकाचा दणका तो दणकाच, तळ आठ मिलिमीटर असता तरी खरवड झालीच असती. पण आरपार चीर गेली नसती असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी संस्थेला लिहून दिलंय, तुकडा आणि जळालेले थर पिशवीत घालून सोबत ठेवलेत. बोट बनवणाऱ्यांना फोन झाला, त्यांनी फोटो मागवले, पाठवले. बोटी घेणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, बोटीला भोक पाडताना कापलेला गोल तुकडा मागून घ्या, तो फेकून देतात पण जाडी त्याच्यातच कळती.

८ मे

इंजिन गॅरेजला नेलं. खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर दुधाळ निघालं, म्हणजे सील गेलं आणि पाणी आत शिरलं. सील बदललं, ऑइल नवीन, पंखा नवीन, मोडलेला पंख ॲल्युमिनियम वेल्डिंगवाल्यानं जोडून दिला. एक गोष्ट कळली. ह्या इंजिनाला खालून काही लागलं तर ते आपोआप वर उचललं जातं, तशी सोयच केलेली असती. पण उथळ पाण्यात इंजिन उड्या मारतं म्हणून कुणीतरी ते नायलॉनच्या दोरीनं बांधून टाकलं होतं. बांधलं नसतं तर पाय वर उचलला असता आणि पंख वाचला असता. दोरी कापून टाकली. परत कुणी बांधू नये म्हणून भाच्यानं इंजिनाच्या कव्हरवर पेंटनं लिहिलंय.

१० मे

मटेरियल आणलं. व्हिनाईल एस्टर रेझिन, चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमची मॅट, सहाशे ग्रॅमचं रोव्हिंग, रेझिन गोठवायला कॅटॅलिस्ट, जेलकोट. साधं जनरल पर्पजचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण ते कायम पाण्यात राहणाऱ्या तळाला नको, आणि जुन्या वाळलेल्या फायबरला नवीन थर पकडायचा तर व्हिनाईल एस्टर जास्त चांगलं धरतं. आपल्याकडं केमिकलच्या टाक्यांना हेच वापरतात म्हणून वाळूजकडं सहज मिळतं.

एक धोक्याची गोष्ट ठळक लिहितो. कोबाल्ट (गोठण्याला जोर देणारं) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत डायरेक्ट कधीच मिसळायचं नाही, भडका उडतो. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच मिसळून आणलेलं चांगलं, मग कामाच्या जागी फक्त कॅटॅलिस्ट घालायचं. दोन्ही बाटल्या एका पेटीत पण ठेवायच्या नाहीत. शॉपमध्ये हे पहिल्याच दिवशी शिकवतात पण गावात कुणी हौसेनं करायला घेतलं तर सांगणारं कोण नसतं.

बघायला आलेले बरेच जण विचारायले, आमच्या चप्पूवर पण हेच फायबर चढवून द्या. नाही चढत. ह्या रेझिनमध्ये स्टायरिन असतं, ते थर्माकोलला खाऊन टाकतं. एका पोराला खरं वाटंना म्हणून थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर ओतून दाखवलं, बघता बघता खड्डा पडला. थर्माकोलवर चढवायचं तर इपॉक्सी लागतं आणि ते लई महाग पडतं.

१३ मे

ग्राइंडिंग. खडूच्या रेघेच्या आतलं सगळं सुटलेलं फायबर काढलं, मग कडा उतरत्या केल्या, जाडीच्या बारा पट लांब उतार. सहा मिलिमीटरला बहात्तर, म्हणजे चारी बाजूंनी तीन बोटाच्या वर, मी थोडा जास्तच ठेवला. उतार जेवढा लांब तेवढी नव्या-जुन्याची पकड जास्त. भाचा दिवसभर सोबत होता. गॉगल, मास्क, अंगभर जुने कपडे, तरी काचेची भुकटी अंगात शिरतीच, थंड पाण्यानं आंघोळ करायची, गरम पाण्यानं खाज वाढती. पोरगं बोलत नाही फारसं. लोक येतेत, चीर बघतेत, त्याच्याकडं बघतेत आणि जातेत. मला हे आवडत नाही.

१५ मे

आज थर टाकले. दुपारी पारा ४१-४२ ला जायलाय, तसल्या उन्हात रेझिन डब्यातच गोठतं. म्हणून झुंजुमुंजू व्हायच्या आत सुरू केलं आणि ऊन चढायच्या आत संपवलं, वर ताडपत्रीचं सावट. कॅटॅलिस्ट किलोला दहा मिलीच्या आसपास, त्याच्यावर नाही. आणि रेझिन खोल बादलीत ठेवायचं नाही, पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं घ्यायचं, खोल डब्यात स्वतःच्याच उष्णतेनं तापून धूर सोडतं.

आतल्या बाजूनं चिरीला प्लायचा तुकडा पॉलिथिन लावून दाबून बसवला म्हणजे बाहेरून टाकलेल्या थराला पाठ मिळती. पहिला थर मॅटचा, सगळ्यात मोठा, उताराच्या पार कडेपर्यंत. मग रोव्हिंग, मग मॅट, मग रोव्हिंग, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा लहान. काहीजण लहान आधी टाकतात. मी मोठा आधी टाकतो कारण मग पहिल्या थराची काच सगळ्या उताराला चिकटते आणि शेवटी घासताना वरचे लहान थरच घासले जातेत, खालचा अखंड राहतो. प्रत्येक थरावर खाचांचा रोलर फिरवून हवा काढायची, पांढरा ठिपका दिसला की तिथं हवा आहे, घाई करायची नाही.

१६ मे

आतून सुटलेली उभी पट्टी घासून, ॲसिटोननं पुसून, तीन थर घालून परत बांधली. हवेच्या बंद कप्प्यात पाणी शिरलं होतं, तिथला भिजका फोम काढून नवीन पीयू फोम भरला. बोट उलटली तरी बुडू नये ते ह्या फोममुळंच, म्हणून भिजका तसाच ठेवून चालत नाही.

२० मे

पातळी १५०३.७. तो खडक आता उघडा पडलाय.

आबा, भाचा आणि मी चप्पूनं बघायला गेलो. चार बोटं पाण्याच्या वर आलाय, काळा कुळकुळीत बेसाल्ट, बैलगाडीएवढा लांब, वर बोटीच्या जेलकोटची निळी खूण तशीच. भाचा कितीतरी वेळ त्या खुणेवर हात ठेवून होता. मला वाटलं होतं जुन्या विहिरीची कड वगैरे असंल, पण नाही, मूळ खडकच आहे. आबा म्हणले, आमच्या लहानपणी इथं काळं रान होतं, जवारी व्हायची, दगड दिसतच नव्हता. म्हणजे एवढ्या वर्षांत लाटांनी वरची माती धुऊन नेली, मुरूम गेला आणि खालचा खडक वर आला. पाणी दरसाल चढतं-उतरतं त्या पट्ट्यात हे असंच होत राहणार, आज नसलेला दगड अजून काही वर्षांनी असणार.

मग मी तिथंच बसून हिशोब मांडला. आज पातळी १५०३.७, दगड त्याच्या वर चार बोटं, म्हणजे दगडाचं डोकं १५०४ फुटावर. २८ एप्रिलला पाणी १५०५.२, म्हणजे दगडावर पाणी एक फूट अडीच इंच. भरलेली बोट बसती सव्वा फूट. मार्चअखेरीला बोट उतरवली तेव्हा पातळी १५०७ च्या आसपास होती, दगडावर तीन फूट पाणी, इंजिनाचा अडीच फुटाचा पाय त्याच्यावरून सहज जात होता. म्हणजे हीच बोट, हाच पोरगा, हीच वाट, त्याच दगडावरून नाहीतर अगदी जवळून महिनाभर जात-येत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. पाणी रोज इंचभर उतरत होतं, उन्हाळ्यातलं बाष्पीभवन आणि कालव्याचं आवर्तन दोन्ही मिळून, आणि एक दिवस ते तिथं पोचलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दगडाला नाव असून भागत नाही, दगडाला नंबर पाहिजे. आमच्या लोकांना दगड माहीत आहेत, पण चप्पूला ते लागतच नव्हते म्हणून किती खोल आहेत हे कुणी कधी विचारलं नाही. पातळी तर रोज सकाळी धरणाच्या रिपोर्टमध्ये मोबाईलवर येती, फुटात पण आणि मीटरमध्ये पण. दगडाचा नंबर माहीत असला की वजाबाकी करायची.

२३ मे

संस्थेच्या मीटिंगमध्ये हे मांडलं. पातळी १५०४ च्या खाली असली तर हा दगड डोळ्याला दिसतो, वळसा घालून जा. १५०७.५ च्या वर असली तर वरून जा, लाटांसाठी एक फूट सोडून धरलंय. मधले साडेतीन फूट, तो धोका. दिसणारा दगड कुणाची बोट फोडत नाही, न दिसणारा पण उथळ असलेला फोडतो. पाच मिनिटं कुणी बोललं नाही, मग एकदम सगळेच बोलायले. एक जण म्हणला असले दगड तर पलीकडं पण आहेत, दुसरा म्हणला जुन्या गावाचं जोतं आहे, तिसरा म्हणला बारव आहे.

गावांचं असंय की धरणाचं भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झालं आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या दहा वर्षांत लोकांनी घरं मोडून लाकूड, चौकटी, पत्रे नेले, पण दगडाची जोती, आड, पार कोण उचलून नेणार, ते सगळं पाण्याखाली जागच्या जागी आहे. २०१९ च्या दुष्काळात पाणी मृतसाठ्यात गेलं तेव्हा आमच्या काठचे म्हातारे लोक तिथं जाऊन आपापलं घर शोधून आले. आणि पोरांनी मोबाईलवर फोटो काढले होते. ते फोटो आता सोन्यासारखे झालेत. मीटिंगमध्येच सगळ्यांना सांगितलं, जुने मोबाईल, मेमरी कार्डं, जे असंल ते काढा.

बोट परत कोणाच्या हातात द्यायची हा विषय निघाला. मी काही बोलायच्या आत आबा म्हणले, पोरगंच चालवंल, दगड आम्हाला माहीत होता आणि आम्ही त्याला सांगितला नाही. झालं, विषय संपला.

२७ मे

मोजमाप सुरू. बांबूवर फुटाच्या आणि दोन-दोन इंचाच्या पट्ट्या रंगवल्यात. पहाटे वारं पडलेलं असतं तेव्हा जायचं, दगडाच्या डोक्यावर बांबू टेकवायचा, पाण्यापाशी किती आलं ते वाचायचं, त्या दिवशीच्या पातळीतून वजा करायचं. पण दगडाचं सगळ्यात उंच टोक बांबूला सापडंलच असं नाही. त्याला आबांनी युक्ती काढली. दोन चप्पूंच्या मधी जाळ्याची शिशाची दोरी ठराविक खोलीवर सोडून सावकाश ओढत न्यायची, जिथं अडकली तिथं टोक. समुद्रावरचे सर्व्हेवाले पूर्वी तारेनं हेच करायचे, आबांना ते माहीत असायचं कारण नाही, त्यांना दोरी कळती.

जागा कशी लिहायची ह्याच्यावर वाद झाला. पोरांचं म्हणणं मोबाईलमध्ये पिन टाकू. टाकल्या. पण मोबाईल भिजतो, बॅटरी जाती, आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही. म्हाताऱ्यांची पद्धत वेगळी, काठावरच्या दोन खुणा एका रेघेत आणायच्या. देवळाचा कळस पंपहाऊसच्या टाकीवर आला आणि डाव्या हाताला टेकडीचा खांदा चिंचेच्या मागं गेला की तिथं दगड. दोन रेघा जिथं कापतात ती जागा, कुठल्याच बॅटरीशिवाय. आम्ही दोन्ही लिहायलोय. फक्त झाडाची खूण असली तिथं दुसरी पक्की खूण पण घेतोय, झाडं राहत नाहीत.

कॅन बांधून तरंगत्या खुणा करायचं पण बघितलं. पाणी उतरलं की दोरी सैल पडती आणि कॅन वाऱ्यानं दगडापासून लांब सरकतो, मग ती खूण उलटी फसवती. फक्त आमच्या वाटेवरच्या त्या एका दगडाला बांधलाय, तिथं दोरी दर आठवड्याला आवळायची जबाबदारी भाच्यानं घेतलीय.

३० मे

तळ घासून सारखा केला, जेलकोट मारला. कण्यावर खरवड गेलेल्या जागी आणि पुढं पार टोकापर्यंत रोव्हिंगचे जास्तीचे थर दिले, झिजले तर परत देता येतात. एक जण म्हणला स्टीलची पट्टी बोल्टनं मारा. नको म्हणलं, बोल्टाचं प्रत्येक भोक म्हणजे उद्याची गळती.

परत नाण्यानं सगळीकडं ठोकलं. टणटण.

४ जून

बोट पाण्यात. आत तळाला जुने पेपर अंथरून, वर वाळूची पोती वजनाला ठेवून रात्रभर काठाला बांधून ठेवली. सकाळी पेपर कोरडे. मग भाच्यानं फेरी मारली, आबा पुढं बसले. पहिल्यांदा फायबरच्या बोटीत बसले ते. इंजिनाच्या आवाजात हातवारे करून दगड दाखवत होते, पोरगं स्पीड कमी करून ऐकत होतं.

दगडांची यादी प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून हँडलजवळ लावलीय. वरच्या ओळीत आजची पातळी खडूनं लिहायची जागा. नंबर उतरत्या क्रमानं, म्हणजे बोट सोडताना पातळी लिहिली की खालचे कोणते दगड धोक्यात आहेत ते लगेच कळतं. पक्ष्यांची बेटं पण यादीत घातलीत, हे अभयारण्य आहे, तिथं दगड असो नसो इंजिन बंद करून वल्ह्यानंच लांबून जायचं.

१२ जून

दुपारी पाऊस आणि मोठं वारं. पाण्यात पाच चप्पू अडकले होते, बोटीनं दोन खेपांत सगळे काठाला आणले. येताना त्या दिवशीच्या पातळीला धोक्यात असलेले दोन दगड वाटेत होते, भाच्यानं लांबचा वळसा घातला, वेळ जास्त गेला. बरोबर केलं.

२१ जुलै

नाशिककडं जोरात पाऊस झाला, नांदूर मधमेश्वरमधून पाणी सोडलंय आणि इकडं आवक सुरू आहे. दोन-तीन दिवसांत पातळी फुटानं वाढायलीय. उन्हाळ्यात दगड इंचा-इंचानं धोक्यात येतात, पावसाळ्यात काल डोळ्याला दिसणारा दगड सकाळी पाण्याखाली गेलेला असतो, आणि पाणी गढूळ, वीतभर खालचं दिसत नाही. म्हणून ह्या दिवसांत सकाळची पातळी दुपारी चालत नाही, संध्याकाळची परत फोन करून घ्यायची असं ठरलंय. ज्या दिवशी आवक वाढती आहे त्या दिवशी आधीच बुडालेल्या दगडांना जुनी पातळी धरली तरी चुकून सुरक्षितच राहतो, पण काल डोळ्याला दिसत होते त्या दगडांना नवीच पातळी लागती. पाणी उतरत असताना मात्र तसं करायचं नाही.

शेवगावच्या बाजूचे काही दगड मोजायचे राहिले आणि आता ते पाण्यात गेले, ते पुढच्या उन्हाळ्यात. तिकडच्या संस्थेला यादीची प्रत दिलीय, त्यांनी त्यांच्या बाजूचे दोन नंबर फोनवर सांगितले, ते आमच्या यादीत चढवले. बोट बनवणाऱ्यांनी जास्तीच्या थरांच्या मटेरियलचे पैसे द्यायचं कबूल केलंय, अजून आलेले नाहीत.

पॅच आज परत ठोकून बघितला, चांगला आहे. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, साफ निघालं. पातळी १५१० च्या वर गेली की नवीनच काम आहे, उघड्या पडलेल्या रानात ह्या दोन वर्षांत वेडी बाभूळ माजलीय, ती पाण्याखाली गेली की पंख्यात अडकणार. भाच्याला सांगितलंय, पाणी पोचायच्या आत काठाकाठानं फिरून बाभळीचे शेंडे कुठं कुठं आहेत ते लिहून घे, त्यांना पण नंबर देऊ.